यंदाची वही: आवडत्या रिअल एल, ब्रूअऱ्या आणि तळघरवाले

दर डिसेंबरात आमच्यात एक भांडण ठरलेलं असतं. आम्ही तिघे इंग्लंडमध्ये, मी हडर्सफील्डला, माझा नाशिकचा मित्र लीड्सला आणि त्याचा मेव्हणा शेफील्डला. तिघांनी वर्षभरात प्यायलेल्या रिअल एलमधून आपापल्या आवडत्या बिअर आणि आवडत्या ब्रूअऱ्या, म्हणजे बिअरचे कारखाने, काढायच्या आणि मग एकमेकांच्या निवडीला मनसोक्त नावं ठेवायची. मी वही ठेवतो, साधी चौकटीची गणिताची वही, पबचं नाव, तारीख, बिअर, पाचपैकी मार्क आणि एखादी ओळ. बायको म्हणते एवढ्या शिस्तीने घरखर्च लिहिला असतास तर. यंदा वहीत ६१ नोंदी झाल्यात, त्यातल्या दहाबारा लिहायच्या लायकीच्या, बाकीच्या म्हणजे ठीक होती, ओली होती.

आधी हे रिअल एल काय प्रकरण आहे ते सांगतो कारण भारतातून येणारे पाहुणे पहिला घोट घेतला की हमखास म्हणतात अरे ही गरम आहे आणि हिच्यातला गॅस गेलाय. गरम नसते हो, ११ ते १३ डिग्रीला ठेवलेली असते, उन्हातून आल्यावर माठातलं पाणी प्यावं तशी, फ्रीजरमधून काढलेली नाही. आणि गॅस गेलेला नसतो, बाहेरून घातलेलाच नसतो. ब्रूअरीतून पिंप निघतं तेव्हा आत यीस्ट जिवंत असतं, उरलेलं आंबणं पबच्या तळघरात होतं, जो काय बारीक फेसाळपणा येतो तो त्यातूनच. माझं आजोळ रेवदंड्याकडचं, तिथे माडी सकाळची वेगळी, दुपारची वेगळी आणि संध्याकाळची तर विचारू नका, हे लहानपणापासून ऐकलेलं, त्यामुळे मला ही गोष्ट पटायला वेळ लागला नाही. माडी जशी बाटलीत भरून मुंबईला नेता येत नाही, नेली तर ती माडी राहत नाही, तसंच थोडंफार इथे.

१९७१ मध्ये चार दोस्तांनी आयर्लंडच्या सहलीत कॅमरा नावाची संघटना काढली, तेव्हा मोठ्या कंपन्या सगळीकडे केगमधली, म्हणजे धातूच्या बंद डब्यातली, गॅस मारलेली बिअर रेटत होत्या आणि पिंपातली बिअर संपायच्या मार्गावर होती. रिअल एल हा शब्दही त्यांनीच रुळवला. आता ती मंडळी जरा सोवळ्यात वागतात अशी माझी तक्रार आहे, पण ते नसते तर माझी वही कोरीच राहिली असती.

तर माझं म्हणणं, ज्यावरून दर वर्षी भांडण होतं, ते असं की नुसती आवडती बिअर निवडताच येत नाही. अर्धी बिअर ब्रूअरीत होते आणि अर्धी पबच्या तळघरात. पिंप आलं की घोडीवर आडवं ठेवायचं, गाळ बसू द्यायचा, वरच्या बुचात सच्छिद्र लाकडाची खुंटी ठोकून जास्तीचा गॅस जाऊ द्यायचा, मग योग्य वेळी घट्ट खुंटी मारून उरलेला आत कोंडायचा, पुढच्या बाजूला हातोड्याने तोटी ठोकायची, हे सगळं पबवाल्याचं काम. आणि एकदा सुरू केलं की तीन दिवसांत संपवायचं, कारण जेवढी बिअर बाहेर जाते तेवढी हवा आत शिरते. सगळ्यात जास्त चालणारं पिंप म्हणजे फर्किन, नऊ गॅलनचं, त्यात ७२ पिंट, म्हणजे अर्ध्या लिटरहून जरा मोठे ७२ ग्लास. आता हिशोब करा, काउंटरवर तळघरातली बिअर ओढणारे हँडपंप दहा आणि मंगळवारी संध्याकाळी गिऱ्हाईक सहा, तर शेवटच्या पंपातून काय येणार?

जे येतं ते मी मार्चमध्ये प्यायलोय. गावाचं नाव घेत नाही, पबचंही नाही, पण दहा पंप, प्रत्येकाला बिअरच्या नावाची रंगीत क्लिप, दारावर पाट्या, मी आपला खूश. पहिला घोट घेतला आणि आईच्या लिंबाच्या लोणच्याची बरणी आठवली, तळाशी उरलेला खार असतो ना तसं. इथे एक कबुली देतो, इंग्लंडमध्ये पहिली सहासात वर्षं मी अशी पिंट गपचूप संपवायचो, उगाच कशाला वाद, आपल्यालाच कळत नसेल, इंग्रजांची बिअर इंग्रजांना ठाऊक. आता परत देतो. काउंटरवरच्या पोराने ग्लास उजेडात धरला आणि म्हणाला, ती अशीच असते. मी म्हटलं बाबा, तू एक घोट घे. त्याने घेतला, काही बोलला नाही, दुसरी भरून दिली. दुसरीही तशीच. वहीत शून्य. आता ज्या ब्रूअरीची ती बिअर होती तिचा यात काय दोष? तिचीच बिअर मी जूनमध्ये दुसरीकडे प्यायलो आणि साडेचार मार्क दिले.

म्हणून माझी निवड जोडीने असते, बिअर आणि जागा.

यंदाची पहिली जोडी, टिमथी टेलर ब्रूअरीची लँडलॉर्ड, आमच्या घरापासून चालत बारा मिनिटांवरच्या पबात. नाशिककर म्हणतो ही काय निवड झाली, लँडलॉर्ड तर सगळीकडे मिळते, हे म्हणजे आवडता पदार्थ विचारल्यावर वरणभात सांगण्यासारखं. अरे पण चांगला वरणभात किती ठिकाणी मिळतो? लँडलॉर्ड ४.३ टक्क्यांची, कीथलीची. (गावाच्या स्पेलिंगवर जाऊ नका, मी दोन वर्षं भलतंच काहीतरी म्हणत होतो आणि लोक सभ्यपणे ऐकून घेत होते.) ब्रूअरी १८५८ पासूनची, पाणी स्वतःच्या नोल स्प्रिंग नावाच्या झऱ्याचं, बार्ली गोल्डन प्रॉमिस जातीची. कॅमराच्या स्पर्धेत चॅम्पियन बिअर ऑफ ब्रिटन चार वेळा झालीये, एवढ्या वेळा दुसरी कुठलीच नाही. पण ही बिअर तळघरात फार दंगा करते. यीस्ट जोरात असतं, खुंटी मारली की फसफसून वर येते, आणि घाई करून दोन दिवसांत विकायला काढली तर चव कच्ची लागते, न मुरलेल्या लोणच्यासारखी, सगळे घटक वेगवेगळे कळतात. मुरू दिली की आधी संत्र्याच्या सालीचा वास येतो, मग बिस्किटासारखा गोडवा आणि शेवटी जिभेच्या मागे कोरडा कडूपणा, जो दुसरा घोट मागतो. आमच्या पबची बाई ती मुरू देते, गिऱ्हाईक कितीही मागे लागलं तरी. यंदा तिथे अकरा वेळा घेतली, एकदाही चारच्या खाली मार्क नाहीत.

टेलरचीच बोल्टमेकर पण धरा, ४ टक्क्यांची, २०१४ ची चॅम्पियन. आधी तिचं नाव नुसतंच बेस्ट बिटर होतं (बिटर म्हणजे इथली नेहमीची कडवट बिअर), मग कीथलीच्या बोल्टमेकर्स आर्म्स या पबवरून नवं नाव ठेवलं. तो पब म्हणजे आपल्याकडच्या टू रूम किचनच्या हॉलएवढा. पावसात भिजलेले चार लोक आत आले की खिडकीवर वाफ धरते. तिथे बसून बोल्टमेकर घेतली आणि मेव्हण्यालाही पटलं, जो एरवी फक्त फळांच्या वासाच्या धुकट बिअर पितो.

फेसावरून जाता जाता. इकडे यॉर्कशायरमध्ये हँडपंपाच्या तोंडाला स्पार्कलर नावाची छोटी भोकाभोकांची टोपी लावतात, त्यातून बिअर जोरात फवारली जाते आणि वर साईसारखा घट्ट फेस बसतो. दक्षिणेत हे पाप समजतात, म्हणतात चव मारली जाते. मी आधी तटस्थ होतो पण आता पक्का उत्तरेचा झालोय, बिटरला साय हवीच. पण फेसाच्या नावाखाली पिंटमधली दोन बोटं खाऊ नका, वर भरून द्या म्हटलं की देतात, लाजायचं नाही.

दुसरी जोडी मात्र दक्षिणेची आणि स्पार्कलरशिवायची. हार्वीज ससेक्स बेस्ट, ४ टक्के, लुइस गावात. मे महिन्यात ब्रायटनला मित्राकडे गेलो होतो, तिथून लुइस ट्रेनने पाव तासावर. ब्रूअरी १७९० ची, नदीच्या काठावर उंच मनोऱ्यासारखी, गावातले लोक तिला लुइसचं कॅथीड्रल म्हणतात, आणि उकळी आलेल्या दिवशी अख्ख्या पुलावर माल्टचा, म्हणजे मोड आणून भाजलेल्या बार्लीचा वास, गुऱ्हाळाजवळून जाताना येतो ना काहीसा तसा, फक्त गोडाऐवजी भाजका. आणि आता मला फार आवडलेली गोष्ट ऐका. हार्वीजचं यीस्ट मूळचं त्यांचं नाहीच. १९५७ मध्ये त्यांनी ते यॉर्कशायरमधल्या टॅडकास्टरच्या जॉन स्मिथ्स ब्रूअरीकडून आणलं आणि तेव्हापासून तेच पिढ्यान्पिढ्या चालवतायत. म्हणजे शेजारणीकडून वाटीभर विरजण आणलं आणि मग सत्तर वर्षं आपल्याच घरचं दही लागतंय. चव आता पूर्ण ससेक्सची, जरा मातकट, जरा सुक्या मेव्यासारखी, आणि शेवटी एक आंबूस झाक जी पहिल्यांदा प्यायल्यावर चूक वाटते आणि तिसऱ्यांदा प्यायल्यावर तिच्यासाठीच जावंसं वाटतं. याच गावात लुइस आर्म्स म्हणून पब आहे, २००६ च्या शेवटी त्याची मालक कंपनी ग्रीन किंगने तिथून हार्वीज काढून टाकली, तर नेहमीच्या गिऱ्हाइकांनी दारात उभं राहून १३३ दिवस बहिष्कार घातला आणि २००७ मध्ये हार्वीज परत आली. एका बिटरसाठी चार महिने! आमच्या आळीत पाण्यासाठी चार दिवस कोणी मोर्चा टिकवला नव्हता.

ऑगस्टमध्ये ब्लॅक कंट्री केली, म्हणजे बर्मिंगहॅमच्या पश्चिमेचा तो जुन्या कारखान्यांचा पट्टा. मेव्हण्याची गाडी, आणि बिचारा तोच चालवणार म्हणून त्याला अर्धीच पिंट, वरती शिव्या. ब्रायर्ली हिलला बॅथम्सची बेस्ट बिटर, ४.३ टक्के, त्यांच्याच ब्रूअरीला लागून असलेल्या द व्हाइन पबात, ज्याला सगळे बुल अँड ब्लॅडर म्हणतात कारण तिथे कधीकाळी खाटिकखाना होता. बॅथम्स १८७७ पासून एकाच घराण्याकडे, मोजके पब, फार लांब बिअर पाठवत नाहीत आणि त्यामुळे खप इतका की पिंप शिळं व्हायला वेळच मिळत नाही. सोनेरी, बिटरच्या मानाने बऱ्यापैकी गोड, सोबत चीज आणि कच्च्या कांद्याचा कॉब, म्हणजे गोल पाव. कांदा जाडजूड चिरलेला. मला तर वडापावची आठवण येऊन गलबलून आलं, वडा नव्हता तरी.

तिथून सेजलीला बीकन हॉटेल, सारा ह्यूजची डार्क रूबी माइल्ड. माइल्ड म्हटलं की सौम्य वाटेल पण ही ६ टक्क्यांची आहे, फसू नका. मधोमध एवढीशी काउंटरची खोली आणि आजूबाजूच्या खोल्यांकडे उघडणाऱ्या छोट्या खिडक्या, वाकून खिडकीतून बिअर मागायची, रेशनच्या दुकानात किंवा जुन्या एसटी स्टँडच्या तिकीट खिडकीवर वाकायचो तसं. ग्लास खिडकीच्या उजेडात धरला तर काळा वाटणारा रंग कडेला लाल होतो, कोकमाच्या आगळासारखा. चव काळ्या मनुका, थोडा काकवीचा अंश, कडूपणा नावाला. मी पाचपैकी पाच दिले. वर्षातले एकमेव पाच. वर्षातली सगळ्यात चांगली एकच पिंट कुठली असं कोणी दरडावून विचारलं तर हीच.

परत येताना वेस्ट ब्रॉमिचच्या रेड लायनमध्ये जेवलो. हे देसी पब म्हणजे या भागाचं वैभव आहे. फाउंड्रीत काम करायला आलेल्या पंजाब्यांना एके काळी इथल्या पबांमध्ये रंगावरून बाहेर ठेवायचे, शेजारच्या स्मेदिकमध्ये वातावरण इतकं वाईट होतं की १९६५ मध्ये अमेरिकेतल्या काळ्यांचा नेता माल्कम एक्स मुद्दाम ते बघायला आला होता. पुढे त्याच लोकांनी पबच चालवायला घेतले. आता तव्यावर चरचरत मिक्स्ड ग्रिल येतं आणि आजूबाजूला गोरे म्हातारे लिंबू पिळून सीख खात बसलेले असतात.

डार्बीशायरची थॉर्नब्रिज ही माझी यंदाची ब्रूअरी, आणि इथे नाशिककराचं आणि माझं चक्क एकमत झालं. त्यांची जयपूर नावाची आयपीए (इंडिया पेल एल), ५.९ टक्के, २००५ पासून आहे, आता जुनी क्लासिक म्हणायची. (जयपूरच्या एका सहकाऱ्याला कौतुकाने पाजली, तो म्हणाला कडू आहे, किंगफिशर नाही का.) आयपीएचं आणि आपलं नातं तसं जुनंच, मुंबई, कोलकाता, मद्रासच्या साहेबांसाठी लंडनच्या हॉजसनची बिअर जहाजातून यायची, मग १८२० च्या दशकात बर्टन या बिअरच्या गावातल्या ब्रूअरांनी त्या धंद्यात उडी घेतली आणि तिथल्या जिप्समच्या जड पाण्यात फिकी कडू बिअर जास्त चांगली होते हे कळलं. आपले लोक मात्र त्यात कुठेच नव्हते, फक्त खलाशी आणि हमाल म्हणून असतील.

पण थॉर्नब्रिजला ब्रूअरीचा मान जयपूरसाठी नाही, बर्टन युनियनसाठी. हे म्हणजे ओक लाकडाच्या पिंपांची रांग, प्रत्येकाच्या डोक्यातून हंसाच्या मानेसारखी वाकडी नळी वर एका लांब पन्हाळीत जाते. आंबताना यीस्टचा फेस नळीतून वर चढतो, पन्हाळीत पडतो, यीस्ट तिथे राहतं आणि बिअर निथळून परत पिंपात. एके काळी बर्टनमध्ये अशा पिंपांच्या रांगाच रांगा होत्या, शेवटी एकट्या मार्स्टन्स ब्रूअरीकडे उरल्या आणि २०२४ च्या सुरुवातीला त्यांनीही बंद करायचं जाहीर केलं. तेव्हा न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन ब्रूअरीचे ब्रूअर गॅरेट ऑलिव्हर मध्ये पडले आणि त्यातला एक संच थॉर्नब्रिजने बेकवेलला नेऊन परत चालू केला. लाकडी वस्तू, सांधे गळणार, धुणं किचकट, खर्च अफाट, कुठलाही अकाउंटंट नको म्हणेल. त्या संचातली जयपूर मी साध्या जयपूरशेजारी ठेवून प्यायलो, दोन अर्ध्या पिंट. फरक आहे का? आहे, पण ढोल वाजवण्याइतका नाही. कडूपणाच्या कडा घासल्यासारख्या, तोंडात जरा गोल लागते. मेव्हण्याने डोळे मिटून दोनदा ओळखली, तिसऱ्यांदा चुकला. तरी मान त्यांनाच, कारण घरचं पितळेचं मोठं पातेलं मोडीत निघालेलं असताना कोणीतरी ते उचलून कल्हई करून परत चुलीवर चढवलं.

बाकीच्या भराभर. थीकस्टनची ओल्ड पेक्युलियर, मॅशमची, ५.६ टक्के, जानेवारीत शेगडीजवळ बसून घ्यायची, जुलैत घेतलीत तर तुमची चूक. मार्सडेनच्या रिव्हरहेडमध्ये बिअरची नावं आसपासच्या धरणांवरून ठेवतात, धरण जितकं उंचावर तितकी बिअर तगडी. ही कल्पना आपल्याकडे कोणी उचलली तर कोयना काय ताकदीची होईल विचार करा. मात्र तिथे शनिवारी जाऊ नका, रेल्वेच्या एल ट्रेलवर, म्हणजे स्टेशनागणिक पब करत निघालेली टोळकी असतात, अंगात एकसारखे टीशर्ट आणि तोंडात एकसारखी गाणी. मधल्या वारी जा, स्टेलीब्रिजच्या फलाटावर बफे बारमध्ये सुरुवात करा आणि एकेक स्टेशन करत या.

शाकाहारी मंडळींसाठी एक महत्त्वाचं. पिंपातला गाळ लवकर बसावा म्हणून बऱ्याच ब्रूअऱ्या आयझिंग्लास घालतात आणि ते माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून करतात, आपल्याकडे घोळ माशाचं बोत सोन्याच्या भावाने जातं ना, तीच पिशवी, वेगवेगळ्या माशांची. हे मला कळलं तेव्हा नाशिककर, जो बिअर पितो पण अंडंसुद्धा खात नाही, नऊ वर्षं ते पोटात घालत होता. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आता तो आधी विचारतो. ब्रिस्टलच्या मूर ब्रूअरीसारखे लोक मुद्दाम असं काही न घालता बिअर देतात, थोडी गढूळ दिसते पण चवीला झकास, त्याची यंदाची आवडती तिथलीच आहे आणि त्यावर मी काही बोलणार नाही, त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे.

वही बंद करायच्या आधी वर्षाची शेवटची लँडलॉर्ड घ्यायला मंगळवारी आमच्या पबात गेलो. हँडपंपावरची क्लिप उलटी फिरवलेली, म्हणजे संपली. मी म्हटलं खाली पिंप नाही का. बाई म्हणाली आहे की, शनिवारी आलंय, सकाळीच बघितलं, अजून उड्या मारतंय, गुरुवारच्या आधी नाही देणार. मी म्हटलं मला कच्ची चालेल. ती म्हणाली, तुला चालेल, मला नाही चालणार.

बुधवारी रात्री नाशिककराचा मेसेज, निकाल कधी पाठवतोयस. मी लिहिलं, शुक्रवारी.